सातवी दोरी

बेटावर माणसं एकेचाळीस.
मी उतरले तेव्हा एरलेंडने शेडच्या दारावरचा आकडा
बोटाने पुसला, खडूने लिहिलं : बेचाळीस.
टपाल तोच वाटतो, बंब तोच चालवतो,
विमान यायच्या आधी
धावपट्टीवरची मेंढरंही तोच हाकलतो.

दक्षिणेला धक्का, उत्तरेला दीपगृह,
मधल्या साडेतीन मैलांच्या रस्त्याला नाव नाही,
कारण दुसरा रस्ताच नाही.
झाड एक. दवाखान्याच्या मागे, भिंतीएवढं.
भिंत संपते तिथून पुढे
वारा त्याला वाढू देत नाही.

किनाऱ्याला वेढून दगडी बांध, पुरुषभर उंच,
चुन्याशिवाय रचलेला.
मला वाटलं, समुद्राला अडवायला.
"छे, मेंढरांना," एरलेंड म्हणाला.
गवत आत, मेंढरं बाहेर.
ओहोटी लागली की उतरतात खडकांवर
शेवाळ खायला,
भरतीला बांधाशी टेकून रवंथ करतात.
घड्याळ त्यांच्या पोटात आहे.

मी माणदेशची. बाप खांड घेऊन
आठ-आठ महिने पाण्याच्या मागे फिरला.
त्याला फोनवर हे सांगितलं
तर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "दूध खारट होतं का गं?"

एवढा नेमका प्रश्न
मला मुलाखतीतसुद्धा कुणी विचारला नव्हता.
तो मी मेरन स्कॉलेकडे नेला.
वय एक्क्याण्णव, पायाची जखम, दर मंगळवारी पट्टी.
ती म्हणाली, "कोकराला विचार, मी चहात घालते."
आणि हसता हसता पाय हलवला,
पट्टी पुन्हा बांधावी लागली.

इथे कुणी जन्मत नाही.
दिवस भरत आले की बाई मोठ्या बेटावर जाते,
हवा बरी असेल तेव्हा, दोन आठवडे आधीच.
सगळ्यांच्या दाखल्यावर दुसऱ्याच गावाचं नाव.
मरायला मात्र
सगळे घरी येतात.

फेब्रुवारीत नऊ दिवस बोट नाही, विमान नाही.
दुकानात उरली मोहरी आणि मेणबत्त्या.
दहाव्या पहाटे मेरन गेली.
पेटी तिने आधीच मागवून ठेवली होती,
कोठारात. झाकण उघडलं
तर आत बियाण्याचे बटाटे.
"जागा कशाला वाया घालवायची,"
असं ती म्हणाली असती, असं तिघे एकदम म्हणाले.

दुपारी एरलेंड दाराशी. टोपी हातात,
त्याचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.
आमच्याकडे चार खांदे लागतात.
यांना आठ दोऱ्या.
प्रत्येक दोरीला माणूस, प्रत्येक माणसाला कार्ड,
कार्डावर पेटीचा नकाशा, आपल्या जागेवर फुली.
इंग्रामचा मणका सरकलेला,
थोरल्या लेस्कला आकडी येते (मलाच ठाऊक, मीच गोळ्या देते),
शाळेतली दोन पोरं वजनाला कमी.
"सात नंबर," तो म्हणाला. "डावीकडे, गुडघ्यापाशी.
नाही म्हणालीस तरी चालेल."
चालणार नव्हतं. मोजून पाहिलं मी.

आमच्या बायका वेशीपाशी थांबतात.
माझी आई थांबली होती, मी तिच्या पदराआड.
इथे वेस नाही, फाटक आहे,
त्याची कडी वाऱ्याने आधीच उघडली होती.

दोरी जाड, गोंड्याची. ओली.
कुणी सांगितलं नाही किती सैल सोडायची.
समोर दोन नंबरला एरलेंड, त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.
वजन आधी होतं,
मग एकदम नव्हतं.
गुडघ्याची बाजू.
मंगळवारची बाजू.

दारावर पुन्हा एकेचाळीस.

बटाट्यांची वाटणी झाली, यादी करून.
माझ्या वाटणीला नऊ आले.
खिडकीत ठेवलेत. डोळे फुटायला लागलेत,
जांभळे, आखूड, ओहोटीकडे तोंड करून.

माझा करार मार्चअखेर संपतो.
बटाटे इथे एप्रिलच्या मध्यात लावतात.