पस्तीस मिलिमीटर

आमच्या राहे गावात जमीन दर वर्षी वर येते,
नखभर.
बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली
तरी तिची पाठ अजून सरळ होतेच आहे.
पणजोबांच्या होडीचं खोपटं आता गवतात उभं,
समुद्र बघायचा तर छपरावर चढावं लागतं.

आणि माझा भाऊ ओत्सो म्हणतो,
गाडी खाली आणायची.

गाडी म्हणजे साब. काळी, चार दारांची, टर्बोवाली,
बुडालेल्या कंपनीची.
चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये मूठभर फट,
ती त्याला सलते
दातांत अडकलेल्या माशाच्या काट्यासारखी.
खिशात सहाशे वीस युरो,
त्यातले शंभर विम्याचे, म्हणजे नाहीतच.

फेब्रुवारी. गॅरेजमध्ये हीटर घुरघुरतोय,
मी टॉर्च धरलाय, तो पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडतोय.
स्वस्तातले कॉइलओव्हर, चारशे नव्वद:
हवं तेवढं वर, हवं तेवढं खाली,
पण रस्त्यावरच्या मिठाने दोन हिवाळ्यांत आटे गंजून बसले
की कसलं वर आणि कसलं खाली.
नुसत्या स्प्रिंगा घेतल्या तर
जुने शॉक त्यांच्याखाली वर्षभरात मान टाकणार.
कालायोकीचा यिर्की वापरलेला सेट विकतोय,
फोटोत चकचकीत.
फोटोत गळती दिसत नाही, मी म्हटलं.
"टॉर्च सरळ धर," तो म्हणाला.

रात्री अकराला त्याने ग्राइंडर उचलला.
"एक वेटोळं कापलं की झालं. फुकटात."

दारात बाबा उभे होते.
एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये,
डावा गुडघा आता टायटेनियमचा.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
आमच्याकडे ते बोलण्यातच जमा.
मग म्हणाले,
"पोलादाला आठवण असते.
किती दबायचं, किती उठायचं,
हे त्याला भट्टीतून निघतानाच सांगितलेलं असतं.
कापलंस की ते विसरतं.
आणि विसरतं ते नेमकं वळणावर."

ग्राइंडर पुन्हा खिळ्याला टांगला गेला.

त्यानंतर ओत्सोने जे केलं ते कागदावर नव्हतं.
बाबांना म्हणाला, जरा बसा गाडीत.
टेप घेतला, जमिनीपासून सीटपर्यंत मापलं,
आणि बाबा बाहेर येताना बघत राहिला:
छतावर हात, दाराच्या कडेवर दुसरा,
तो गुडघा, जो वाकतो पण मनापासून नाही.
दर गुरुवारी ओउलूला व्यायामासाठी
हीच गाडी त्यांना नेते.
"आत मी कसाही पडतो," बाबा म्हणाले,
"बाहेर येण्याचं बोल."

कागदावरचे साठ मिलिमीटर त्याने खोडले.
पस्तीस लिहिले. दोनदा अधोरेखित.

यिर्कीकडून फक्त स्प्रिंगा, नव्वदला,
शॉक नवे, मधल्या दर्जाचे, चारशे तीस.
चाकांच्या अलाइनमेंटचे सत्तर
हिशोबात राहूनच गेले होते.
ते माझे गेले. अजून आले नाहीत.

एप्रिलमध्ये गाडी बसली.
फट आता दोन बोटांची,
काळी मांजर झडपेआधी दबते तशी दिसते,
निदान ओत्सोला तशी दिसते.
शेजारची आउने काकू म्हणाली, टायर बसलाय का रे?

बाबांनी वाकून पाहिलं, जेवढं वाकता येतं तेवढं.
"पस्तीस," ते म्हणाले. "म्हणजे चार वर्षं.
चार वर्षांत जमीन तुला खालून गाठेल."
एवढा लांब विनोद त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता.

मग गुरुवार.
बर्फ वितळला होता, थंडीने फुगलेला रस्ता
जागोजागी उचलला गेला होता.
मी मागच्या सीटवर.
मिलजवळच्या फाटकावर, रूळ ओलांडताना,
पोटाखालून एक लांब, खरखरीत आवाज आला.

दोघेही समोर बघत राहिले.
"मऊ चालते," थोड्या वेळाने बाबा म्हणाले.