निळा हातपंप

नोव्हेंबरात वादळानं वीज नेली
ती पाच दिवस परत केली नाही.
हियूमा बेटाला वारा नवा नाही,
नवे आम्हीच होतो.

चूल पाडून गरम हवेचं यंत्र बसवलेलं,
विहिरीत मोटर सोडलेली,
आणि जुन्या हातपंपाला टार्मोनं निळा रंग देऊन
तोटीला फुलांची कुंडी टांगलेली.
शोभेला.

विहीर उशाला, कोरड घशाला.
मी अंगणात, हातात रिकामी बादली,
आणि तो पंप माझ्याकडे बघत होता
आमंत्रण न दिलेल्या आत्याबाईसारखा.
दांडा दाबला. खर्र, खर्र.
आतल्या चामड्याचं बिस्किट झालेलं.

रात्री चौघं सॉनाच्या खोलीत झोपलो;
लाकडावर तापणारं तेवढंच एक उरलं होतं.
उकूनं विचारलं, आपण गरीब झालो का?
टार्मो काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची साल्मे आली,
वय एक्क्याऐंशी, ढकलगाडीवर दुधाचे दोन कॅन, पाण्यानं भरलेले.
पंप उघडला, चामडं काढून नेलं,
रात्रभर चरबीत भिजवून सकाळी बसवलं
आणि वरून लोटाभर पाणी ओतलं.
“याला आधी पाजावं लागतं,” म्हणाली, “मग देतो.”

पुढचं वर्ष आमचे हात सोलण्यात गेलं.
बर्चचं लाकूड फोडायचं कसं, साल वर ठेवून रचायचं कसं.
चाळीस बरण्या लोणच्या-मुरंब्याच्या भरल्या,
त्यातल्या अकरा फसफसून फुटल्या;
पिरेटच्या बाहुलीला अजून बीटचा वास येतो.
नवी चूल पहिल्या दिवशी घरभर धुरली.
टार्मोच्या वहीत: मीठ सहा किलो,
काडेपेट्या काचेच्या बरणीत,
माणसं चार, दिवस चौदा.

मी चार खोडून पाच केलं.
त्यानं खिडकीतून साल्मेच्या धुराड्याकडे पाहिलं
आणि मान डोलावली.
मोठ्या मनाची माणसं आम्ही, असं वाटलं त्या दिवशी.

ऑक्टोबरात तिच्या तळघरात बटाटे उतरवायला गेलो.
आठ पोती. फळीवर फळी बरण्या.
भिंतीला टेकून दोन हिवाळ्यांची लाकडं.
“एकटीला एवढं?”
ती गुडघे धरून पायरीवर बसली,
मी काही वेड्यासारखं विचारल्यागत बघत म्हणाली,
“एकटी कुठं? तुम्ही चौघं आहात ना.
घर घेतलंत त्याच वर्षी धरलं मी तुम्हाला.”

सात वर्षं झाली होती घर घेऊन.

यंदा वीज गेली ती दोनच तास.
उकूनं कंदील पेटवला तोवर दिवे आले,
आणि तो चक्क हिरमुसला.
पंपाचा निळा रंग दांड्यावरून उडालाय, हात लागतो तिथं.
स्वयंपाकघरात खिडकीशी एक जग भरलेला असतो.
कितीही तहान लागो,
तो कुणी प्यायचा नाही.
तो पंपाचा.