मोफत तपासणी

दुपारी तीनला बेल.
गळ्यात ओळखपत्र: शीतल उपाध्ये, जल-सल्लागार.
"मावशी, विकायचं काही नाही,
फक्त पाणी तपासून जातो."
विश्रामबागेतली आजची चौथी गल्ली म्हणे.

बूट उंबऱ्याशी नीट जोडून ठेवले.
काचेचे दोन ग्लास मागितले,
एकात माझा नळ, एकात त्याची बाटली.
वर काळी डबी, डबीला चार सळया,
वायर माझ्या मिक्सरच्या बोर्डात.

मिनिटभरात माझं पाणी उठलं.
आधी पिवळं, मग शेवाळी, मग
पूर ओसरल्यावर जिन्यात राहिला होता, तसा गाळ.
"कृष्णा घरात आलेली ना तुमच्या?
बघा, काय काय ठेवून गेलीय."
मग आवाज खाली आणून,
"घरात लहान कोण?"
(नातीचा फोटो त्यानं आल्याआल्या हेरला होता.)

फोन लागला. स्पीकरवर साहेब.
आज सहापर्यंत साडेचार हजार सूट,
सहानंतर कंपनी ऐकत नाही,
"आणि मॅडम, मुतखड्याला ऐंशी हजार जातात."

एकतीस वर्षं कन्याशाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या धुतल्यात मी.
उठले. चिमूटभर मीठ
त्याच्या निवळशंख ग्लासात सोडलं.
"आता लाव बटण."

गंजते ती सळई, पाणी नव्हे,
हे बोलायची वेळच आली नाही.
त्याचं पाणी हळूहळू माझ्या पाण्यासारखं झालं.
साहेब विचारत राहिले,
पावती फाडू ना? हॅलो?

शीतलनं वायर गुंडाळली.
"ट्रेनिंगला सांगतात,
गिऱ्हाइकाला मिठापर्यंत जाऊ द्यायचं नाही."
महिन्याला अकरा मशीन. या महिन्यात दोन.
गाव जतकडं. टँकर आठवड्यातून दोनदा.
आई अजून दुहेरी फडक्यातून पाणी गाळते,
मग फडकं उलटं करून
अडकलेले जीव आडात सोडते.
"आणि आडात पाणी नसलं तर?"
"तर तांब्याभर आपलं घालते."

नळाचंच प्याला. दोन ग्लास. घटाघटा.

सहाला दहा कमी असताना
समोर मगदुमांची बेल वाजली.
मिठाची बरणी हातात घेऊन
मी दारापर्यंत गेले.
दारापर्यंतच.

त्यांचं मशीन आता भिंतीवर आहे.
पांढरी नळी मोरीत सोडलीय,
एका तांब्यामागं तीन तांबे.
रात्री रस्ता निजला
की ऐकू येतं.