उघडी मूठ

आमच्या चलनाचं नाव मूठ.
नोट नाही, नाणं नाही, बँक तर नाहीच.
घणसोलीच्या माथाडी वसाहतीत त्रेचाळीस घरं,
त्रेचाळीस फोन, आणि प्रत्येकात तीच वही.
एकानं खोडलं तर बेचाळीस बोलतील.

अर्ध्या तासाच्या कामाला एक मूठ, असं ठरलं.
मासळीला मात्र चांगुणाबाई भोईर म्हणतील तो भाव.

आधी कुणी देईना. कुणी घेईनाही.
सगळे बघत राहिले महिनाभर.
मग तन्वीरनं जिन्यातच कुकरचं हँडल बसवून दिलं
आणि पहिली ओळ उमटली: एक मूठ.

माघात मी स्टुलावरून पडलो, कुणाचा तरी एसी उघडताना.
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.
वाशीला नेणं-आणणं, डबे,
पोरीची गणिताची शिकवणी, सगळं मुठींवर.
उणे अडतीस.
लाल आकड्यात. त्रेचाळीस फोनांत.

आमच्या घरी झाकली मूठ सव्वा लाखाची.
बाप तुर्भ्याला पोती उचलायचा,
वाण्याच्या उधारीची वही
देवांच्या तसबिरीमागे ठेवायचा.
मला कुठं ठेवता येणार होती ही वही?

मी डाव्या हातानं टाईप केलं: मी बाहेर पडतो.
पाठवायच्या आत दारात चांगुणाबाई,
कागदात खाडीचे सहा निवटे, अजून वळवळणारे.
"नको," म्हटलं, "आता चाळीस होतील."
त्या चौकटीला टेकल्या.
"आरं, तुजा उना हाय म्हनून त माजा अदिक हाय.
सगल्यांची बेरीज कर नं."

केली. दोनदा केली.
लाल, हिरवे, त्रेचाळीस आकडे.
शून्य.
निवटे तव्यावर होते तोवर मी त्या शून्याकडे बघत बसलो.

चैत्रात हेमंत रसाळ उलव्याला गेला,
उणे एकवीस ठेवून. फोन लागत नाही.
गच्चीवर सभा झाली, आवाज चढले,
दोघं उठून गेले, एक परत आला.
शेवटी वाटणी: माणशी अर्धी मूठ.
कुणीतरी म्हणालं, विश्वास महागात पडला.
चांगुणाबाई म्हणाल्या,
"आर्ध्या मुठीत त मीठबी मावत नाय."

काल त्यांचा फ्रीजर दुरुस्त केला. सात मुठी.
मी आता उणे साडेतेहेतीस, ज्याला बघायचंय त्यानं बघावं.
डॉक्टर म्हणतात, चेंडू दाबत राहा.
दाबतो.
बोटं अजून पुरती मिटत नाहीत.