आतल्या बाजूला, पेन्सिलीने

पेटी लगेच उघडू नका, मी फोनवर सांगितलं होतं.
डुलुथमध्ये उणे तेवीस, सरोवर काठापासून गोठत चाललेलं,
आणि ही टूसॉनच्या वाळवंटातून चार दिवस ट्रकमध्ये.
एक रात्र पडू द्या तशीच, बंद.
पाहुण्याला आधी पाणी देतात, मग प्रश्न.

मार्लिस थॉर्सगार्डने उघडली.
एकसष्टाव्या वर्षी तिला कोण अडवणार,
जिने बत्तीस वर्षं रात्रपाळीत दुसऱ्यांच्या नाड्या मोजल्या
आणि निवृत्तीच्या पैशातले आठ हजार डॉलर
अकरा फोटोंवर लावले.
रोगण डोळ्यांदेखत तडकलं, म्हणाली,
बारीक आवाज करत, पातळ बर्फावर पाय पडावा तसं.

अकरा फोटो. मीही पाहिले.
नादछिद्राभोवतीची नक्षी तीनदा,
पाठीचं लाकूड उन्हात धरून, मधासारखं,
पेटीतली मखमल,
एका फोटोत तर मांजर.
मान धडाला मिळते तिथला एकही नाही.
डोक्याच्या मागचा एकही नाही.
लोक फारसं खोटं बोलत नाहीत;
कॅमेरा थोडा उजवीकडे सरकवतात.

आजोबांची. जपलेली. घरात कुणी सिगारेट ओढत नाही.
या धंद्यात सगळ्यांचेच आजोबा वाजवायचे
आणि सगळ्यांचेच आजोबा कमी वाजवायचे.

मी आधी वास घेतो.
मग बोटाच्या पेराने छातीवर टकटक.
मार्लिस हसली, ती रीत तिच्या ओळखीची.
खाली एका जागी आवाज बसका.
एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं:
बाराव्या पट्टीवर तारा इतक्या उंच
की खालून मुंगी डोक्यावर साखरेचा दाणा घेऊन जाईल.
मान उतरवून पुन्हा बसवावी लागेल. नऊशे.
हे अजून बोललो नव्हतो.

मग दंतवैद्याचा आरसा आणि चिमुकला दिवा
नादछिद्रातून आत.
शिक्का खरा. क्रमांक खरा.
एक बरगडी सुटलेली.
आणि तिच्या पलीकडे, धुळीखाली, पेन्सिलीने:
मार्च ९८, डोकं जोडलं, ए. एन.

ए. एन. म्हणजे मी.
आर्वो निस्कानेन. तेव्हा केस होते.

वेंडेल क्रूझ, धान्याच्या गोदीवरचा.
नाचाच्या हॉलमध्ये स्टँडवरून पडली,
तो दोन तुकडे टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.
जोड दिसता कामा नये, म्हणाला.
मी दिसू दिला नाही.
गरम सरस, सात शिकंजे,
आठवडाभर रंगावर रंग, बायको जेवायला हाका मारत असताना.
विकशील तेव्हा सांग, म्हटलं. तो हो म्हणाला.
सांगितलंही असेल.
पुढे कुणीतरी कुणाला थोडं कमी सांगितलं;
हात बदलला की किंमत चढायची
आणि हकिगत एका वाक्याने उतरायची.

दिवा तिरपा धरला.
माझा जोड अजूनही दिसत नव्हता.
मलाच नखाने चाचपून शोधावा लागला,
आणि खरं सांगायचं तर
क्षणभर छाती फुगली.

आरसा मार्लिसच्या हातात दिला.
तिने वाचलं. पुन्हा वाचलं.
त्याला माहीत होतं का, विकणाऱ्याला?
कुणास ठाऊक. मला होतं.
परत पाठवायला किती दिवस आहेत?
तीन, ती म्हणाली,
आणि अंगठा डोक्यामागे त्याच जागी फिरवत राहिली
जिथे काहीच लागत नाही.

हा रंग खरवडाल? जोड दिसू दे.
खरवडला तर तो परत घेणार नाही, मी म्हटलं.

बराच वेळ हीटरच तेवढा बोलत होता.
मग तिने कोट काढला,
खुंटीवर माझी करवत होती, ती खाली ठेवली,
आणि तिथे अडकवला.