करंजाखालचा जांभळा

पिवळ्या वार्निशखाली ती नदी
नव्वद वर्षं संध्याकाळ म्हणून टांगलेली होती,
फोर्टातल्या एका पारशी ट्रस्टच्या जिन्यात.
यादीतही तसंच: ‘नदीकाठ, सायंकाळ. चित्रकार अज्ञात.’

माझ्या टेबलावर आली तेव्हा मे चालू होता.
एसी बंद. शिरीनबाई म्हणाल्या,
‘डीकरी, घाई नको करू,
नव्वद वरस थांबली ने, आनखी एक महिना थांबेल.’

आधी धूळ. कापसाची काडी जिभेवर भिजवायची
आणि हलके हलके गोल फिरवायची.
हो, थुंकीच. आईला एकदा सांगून बसले,
ती अजून जेवताना माझ्या बोटांकडे बघते.
मग स्पिरिट, मग वार्निश.

आठवड्याभरात नखाएवढं आभाळ सुटलं.
संध्याकाळ नव्हतीच ती.
सकाळचे साडेदहा, फार तर अकरा.
सावल्या झाडांच्या पायाशी गोळा झालेल्या,
पाणी म्हणजे पाचसहा आडवे फटकारे.
जवळून काहीच नाही,
नुसती रंगांची भांडाभांडी,
तीन पावलं मागे सरकलं की वाहायला लागतं.
दिवसभर मी ती तीन पावलं
मागे पुढे, मागे पुढे.

काठाने वाळुंज, मधे पाण्यावर वाकलेला उंबर,
उजवीकडे करंज.
आणि त्याच्याखालची सावली जांभळी!
मला हसू आलं.
कुठल्यातरी विलायती छापील चित्रात पाहिली असणार बिचाऱ्याने,
आणि आणली इथे, आपल्या उन्हात,
जिथे सावली काळी असते
आणि बसण्यापुरती असते.

मग जाड रंगात काडी अडखळली.
भिंगाखाली वाळूचे तीन कण
आणि एका किड्याचा पंख,
अख्खा, शिरांसकट.
म्हणजे हा माणूस खोलीत बसला नव्हता.
वारा होता. ऊन सरकत होतं.
पंख दिसला असेल तरी काढायला वेळ नव्हता.

चौकटीच्या मागच्या पट्टीवर पेन्सिलीने:
‘दहिसर. रविवार. भागोजीचे चार आणे देणे.’

रविवारी मीही गेले.
नदी आता दोन भिंतींमधून जाते,
राखाडी, दुधाच्या पिशव्या घेऊन, तबेल्यांच्या वासाने.
वाळुंज कुठे विचारलं तर
एकाने मला रिक्षास्टँडचा रस्ता दाखवला.
उंबर नाही.
पुलाजवळ टपरीमागे एक करंज मात्र होता.
तो नव्हे, एवढं वय नसावं त्याचं.

अकरा वाजत आले होते.
खाली फुलांचा सडा पडलेला,
फिकट जांभळा, कडेकडेने तपकिरी होत चाललेला,
आणि तो नेमका सावलीएवढाच.
कुठे सावली संपते, कुठे फुलं,
मला सांगता आलं नाही.
मी तीन पावलं मागे गेले. एक स्कूटरवाला ओरडला.

टपरीवाला खराटा घेऊन बाहेर आला.
‘रोज झाडतो, रोज पडतात,’ म्हणाला,
आणि माझ्यासमोरच
सावलीचा एक पट्टा ओढून नेला.

परत येऊन अहवाल लिहिला:
धूळ काढली. वार्निश काढलं.
‘सायंकाळ’ खोडून ‘सकाळ’ केलं.
जांभळ्याला हात लावला नाही.
पंख जागेवर ठेवला आहे.

शिरीनबाईंनी चष्मा वर करून विचारलं,
‘बाकी काय राहिलं?’
भागोजीचे चार आणे, मी म्हटलं.
ते दिले की नाही, कळायला मार्ग नाही.