उरलेली रेघ

ग्दान्स्कच्या त्या विटांच्या चर्चमध्ये
मनोऱ्याची तिकिटं फाडायची यादविगा.
वर गेला की वहीत उभी रेघ,
खाली आला की तिच्यावर काट.
हिशेब सरळ. गुडघा तेवढा वाकडा.

बांधायला दीडशेच्या वर वर्षं लागली, ती सांगायची,
पणज्याने सोडलेल्या थरावर पणतूने वीट ठेवली.
जळायला पंचेचाळीसचा एक मार्च पुरला.
मग तिची आई या अनोळखी गावात आली,
ढिगाऱ्यातल्या अख्ख्या विटा वेचून
चुना खरवडत बसली.
बोटं शेवटपर्यंत पांढरीच राहिली, म्हणे.

फरशीखाली व्यापारी झोपलेत,
पावलांनी त्यांची नावं पुसत आणलीत.
लोक त्यांच्या छातीवर उभे राहून
शौचालय कुठे, विचारतात.
ती बोट दाखवायची.

सत्याण्णवच्या सप्टेंबरात, सहा वाजता,
एक रेघ उरली.
टॉर्च घेऊन चढली, पुटपुटत,
घंटेपाशी दम खाल्ला.
वर कठड्याला धरून एक म्हातारा
जर्मनमध्ये छपरं मोजत होता:
तिसरं... नाही, चौथं. तिथून आमचा धूर निघायचा.

त्या गल्लीतलं एकही छप्पर लढाईआधीचं नाही.
हे तिला ठाऊक होतं.
त्यालाही असावं.
खालून किल्ल्या वाजल्या.
तिने टॉर्च विझवला
आणि कुठलं चौथं, डावीकडून की उजवीकडून,
असं पोलिशमध्येच विचारलं.

उतरताना तो पुढे,
गुडघ्यासाठी तिचा हात त्याच्या खांद्यावर.
काट मारायची राहूनच गेली.